न्यूज डेस्कवाल्यांनो, 'धर्मयुद्ध' जरा जपून वापरा

मराठी चॅनेलांच्या, पेपरांच्या आणि पोर्टलांच्या डेस्कवर बसणाऱ्या दोस्तांनो,

नमस्कार. आधीच सांगतो, मी स्वतः नऊ वर्षं डेस्कवर काढलीयत, त्यातली निम्मी नाइट शिफ्टला, त्यामुळे बाहेरून कुणीतरी शहाणा आलाय आणि शिकवतोय असं समजून पान उलटू नका. शेवटचा चहा थंड झालेला असतो, पान सोडायला अकरा मिनिटं उरलेली असतात आणि मथळा दोन कॉलमांत बसत नसतो, हे सगळं माहितीय मला.

तर झालं असं, परवा रात्री जेवताना टीव्ही चालू होता. पश्चिम आशियातल्या बातम्या, काळ्याकुट्ट आकाशात पडणारी क्षेपणास्त्रं, आणि खाली लाल पट्टीत 'धर्मयुद्ध पेटलं!'. आमचे अण्णा, वय ८२, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, दर चातुर्मासात देवळात पोथी ऐकायला जाणारे, ते ताटात वरणभात कालवता कालवता थांबले आणि म्हणाले, "तिकडं रात्र आहे ना रे आत्ता? मग कसलं धर्मयुद्ध?" मला आधी कळेचना. मग उजेड पडला. म्हटलं अण्णा, त्यांना होली वॉर म्हणायचंय. तर म्हणाले, "मग तसं म्हणा की. धर्मयुद्धाला कशाला मध्ये घेता?"

हसण्यावारी नेलं मी, पण झोप येईना. कारण हे पाप मीही केलंय. २०१४ च्या जूनमध्ये आयसिसने खिलाफत जाहीर केली तेव्हा एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत 'होली वॉर' होतं आणि मी डोळे झाकून 'धर्मयुद्धाची हाक' असा मथळा ठोकला होता. चार अक्षरी शब्द, जोरकस, जागेत बसतोय, अजून काय पाहिजे. दुसऱ्या दिवशी कुणाचा फोन नाही, पत्र नाही, काही नाही. म्हणजे चुकलं हे कुणालाच वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

आता अण्णांचा मुद्दा काय होता ते सांगतो. आपल्याकडे धर्मयुद्ध हा शब्द लढाई कशासाठी आहे हे सांगत नाही, ती कशी लढली जातेय हे सांगतो. भीष्मपर्वाच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजू बसून नियम ठरवतात. रथीने रथीशी लढायचं, हत्तीवाल्याने हत्तीवाल्याशी, पायदळाने पायदळाशी. आधी ललकारायचं मग वार करायचा. जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतलाय, जो पळतोय, ज्याच्या हातात हत्यार नाही, अंगावर चिलखत नाही, त्याला हात लावायचा नाही. सारथी, जनावरं, शस्त्रं वाहून आणणारे, आणि ढोल-शंख वाजवणारे, यांना मारायचं नाही. आणि दिवस मावळला की लढाई थांबली, पुन्हा एकमेकांशी नीट वागायचं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही हीच जातकुळी आहे, विषारी बाण नको, लपवलेलं शस्त्र नको, हात जोडणाऱ्याला आणि 'मी तुझा' म्हणणाऱ्याला मारू नको. (मनुस्मृतीचं नाव घेतलं म्हणून लगेच खालच्या भांडणाला लागू नका, इथं फक्त युद्धाच्या नियमांपुरतं बोलतोय.)

या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द शोधलात की सगळं लख्ख होतं. धर्मयुद्धाच्या उलट काय? 'अधार्मिक लोकांचं युद्ध' नाही, 'सेक्युलर युद्ध' तर नाहीच नाही. उलट शब्द आहे कूटयुद्ध, म्हणजे फसवून, गाफील गाठून, रात्री घुसून केलेलं. कौटिल्य तर सरळ तीन प्रकार सांगतो, प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध, उघड, कपटाचं आणि गुपचूप.

मराठीत 'धर्म' म्हणजे रिलिजन एवढंच कधीच नव्हतं हे वेगळं सांगायला नको. शेजारधर्म म्हणजे शेजाऱ्याचा रिलिजन काय ते नाही. आपद्धर्म, राजधर्म, दानधर्म, अगदी दारावर येऊन 'धर्म करा माय' म्हणणारा माणूस काही तुम्हाला पूजा सांगायला आलेला नसतो. फॉर्मवरच्या 'धर्म' नावाच्या रकान्याने आपल्या डोक्यात एकच अर्थ बसवला आणि मग धर्मयुद्ध म्हटलं की आपोआप एक रिलिजन विरुद्ध दुसरा रिलिजन असं चित्र तयार होतं. कौरव-पांडवांचा तर धर्म, कुलदैवत, आजोबा सगळं एकच होतं राव.

आणि मोरोपंतांची ती ओळ आठवा, जी आता म्हणच झालीय, 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म'. कर्णाचं चाक रुतलंय, तो म्हणतोय थांब, चाक काढू दे, निःशस्त्रावर बाण मारणं हा धर्म नाही, आणि कृष्ण त्याला उलट विचारतोय. दोघंही भांडतायत ते नियमावरून. देवावरून नाही. महाभारतात जवळपास प्रत्येक नियम मोडला गेला, भीष्मांपुढे शिखंडी उभा केला, द्रोणांना अर्धसत्य सांगितलं, दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली, चौदाव्या दिवशी तर मशाली लावून रात्रभर लढले. पण नियम होता म्हणून मोडला हे कळलं, आणि इतकी शतकं आपण कीर्तनात त्यावर वाद घालतोय. तो शब्द असा आहे, लढणाऱ्याला जाब विचारणारा.

आता होली वॉर बघा. हा शब्द जाब विचारत नाही, तो आधीच माफी देऊन ठेवतो. नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्माँ गावी पोप दुसरा अर्बन उभा राहिला आणि जेरुसलेमकडे कूच करायला सांगितलं तेव्हा मुख्य आश्वासन हे होतं की जो श्रद्धेने जाईल त्याची ही वाटचालच त्याच्या पापांचं प्रायश्चित्त धरली जाईल. म्हणजे लढणं हेच पुण्य. गंमत म्हणजे गेलेल्या लोकांना 'क्रुसेड' हा शब्द (या स्वाऱ्यांना पुढे पडलेलं नाव) माहीतही नव्हता, ते स्वतःला यात्रेकरू म्हणवत होते, अंगावर कापडाचा क्रूस शिवून निघालेले. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं आणि पुढे जी कत्तल झाली ती त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलीय, लाजून नाही, अभिमानाने. तिथं धर्मयुद्धाचा एकही नियम लागू करून बघा.

चौथ्या क्रुसेडची गोष्ट तर मला फार आवडते, म्हणजे आवडते कसं म्हणू, पण सांगण्यासारखी आहे. या मंडळींनी व्हेनिसशी जहाजांचा करार केला, ३३,५०० माणसांची सोय आणि ८५,००० मार्क चांदी. प्रत्यक्षात आली जेमतेम तिसरा हिस्सा माणसं. पैसे कुठून देणार? मग व्हेनिसवाले म्हणाले वाटेत आमचं एक काम करा, आणि १२०२ मध्ये या क्रूसवाल्यांनी झारा नावाचं ख्रिस्ती शहर पाडलं, तेही पोपने बजावून सांगितलं असताना. तिथूनही पैशापाण्याच्या आणि गादीच्या भानगडीत अडकत अडकत एप्रिल १२०४ मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्या काळचं ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं शहर. तिथून आणलेले चार ब्राँझचे घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्कमध्ये आहेत, दर्शनी भागावर नकला, अस्सल आत. आणि शाळेत आम्हाला क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध असं शिकवलं. कर्ज फेडायला केलेल्या लुटीला धर्मयुद्ध! अण्णांनी हे ऐकलं तर ताट सारून उठतील.

तिकडच्या मुसलमानांनी तरी या स्वाऱ्यांना त्या वेळी धर्माचं नाव दिलं का, तर नाही. ते म्हणायचे फ्रँक आले, म्हणजे पश्चिम युरोपातले लोक. हाच फ्रँक अरबी-फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे 'फिरंगी' होऊन आला, आणि युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला आपण 'फिरंग' म्हणायला लागलो. म्हणजे या सगळ्या भानगडीतला एक अस्सल शब्द मराठीत आहे, तो आपण विसरलो आणि चुकीचा चिकटवला.

फिरंगी म्हटलं की वसई आलीच. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मोहीम का झाली, तर पोर्तुगीज अमलातल्या धर्मछळाच्या तक्रारी हे एक मोठं कारण होतं, म्हणजे इंग्रजीत लिहिणारा याला खुशाल होली वॉर म्हणू शकतो. पण किल्ला शरण आल्यावर काय झालं, आतल्या शिबंदीला हत्यारांसह, मानाने बाहेर जाऊ दिलं. मराठीत ज्याला धर्मयुद्ध म्हणावं असा भाग असेल तर तो हा, शेवटचा, मोहिमेच्या कारणातला नाही. वसईच्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी देवळांना नेल्या, नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात त्यातली एक टांगलीय, तिच्यावर १७२१ साल आहे. तिच्या आवाजावरून मोठ्या तोंडाच्या माणसाला नाशिककर 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. (काही अँकर मंडळींना हे नाव शोभेल, पण ते असो.)

आणि दुसऱ्या टोकाला, लाल महालातला शाइस्तेखानावरचा छापा घ्या. एप्रिल १६६३, रात्रीची वेळ, शत्रू झोपेत. महाभारताच्या नियमाने हे सरळसरळ कूटयुद्ध आहे. त्यात कमीपणा वाटणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय, उलट गनिमी कावा म्हणून आपण छाती फुगवून सांगतो. म्हणजे धर्मयुद्ध नसलेली लढाई न्याय्य असू शकते. आणि न्याय्य म्हणवलेली लढाई धर्मयुद्ध नसू शकते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण पट्टीत दोन्ही एका शब्दात कोंबतोय.

कुणीतरी म्हणेलच की गीतेतही मेलास तर स्वर्ग आहे, मग आपलं तेवढं वेगळं कसं. बरोबर आहे, मान्य. दुसऱ्या अध्यायात ते आहे आणि त्याआधी 'धर्म्य युद्धा'पेक्षा क्षत्रियाला श्रेयस्कर काही नाही हेही आहे. आपल्या परंपरेतही स्वर्गाची लालूच आहेच, मी काही आपल्याला धुतल्या तांदळासारखं म्हणत नाहीये. म्हणणं एवढंच की शब्दाला अर्थ आहे आणि तो अजून अण्णांसारख्या लोकांच्या डोक्यात जिवंत आहे.

जिहादबद्दलही आपण तोच आळशीपणा करतो. ज-ह-द या धातूचा अर्थ कष्ट, झटणं, जद्दोजहद मधला 'जहद' तोच. लढाईला अरबीत कितालही आहे, हर्बही आहे. 'पवित्र युद्ध' याचं शब्दशः अरबी जुन्या धर्मशास्त्रातला शब्दच नाही. आता लगेच जिहाद म्हणजे फक्त आत्मशुद्धी असंही मी म्हणणार नाही, फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, जुन्या ग्रंथांत जिहादचं प्रकरण मुख्यतः लढाईबद्दलच आहे, पण त्यात बायका-मुलं मारू नका, म्हातारे मारू नका, फळझाडं तोडू नका असे नियमही आहेत, पहिले खलिफा अबू बकर यांच्या नावाने ते सांगितले जातात. म्हणजे जिहादच्या नावाने शाळेत बॉम्ब ठेवणाऱ्याला त्याच्याच ग्रंथातला नियम दाखवता येतो, पण तुम्ही सरसकट 'धर्मयुद्ध' लिहिलंत की ती सोय गेली.

होली वॉर जाहीर केलं की काय होतं याचा एक नमुना तर आपल्या माणसांच्या अंगावरूनच गेलाय. १४ नोव्हेंबर १९१४ ला इस्तंबूलमध्ये ऑटोमन सरकारने जिहाद पुकारला, ब्रिटन, फ्रान्स, रशियाविरुद्ध. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मात्र वगळले, कारण ते दोस्त! बिगरमुस्लिमांविरुद्धचं पवित्र युद्ध, पण आमचे बिगरमुस्लिम सोडून. जर्मनांना आशा होती की हिंदुस्थानातले मुसलमान सैनिक उठतील. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात एक पलटण उठली खरी, पण एकूणात बार फुसका निघाला, आणि जून १९१६ मध्ये तर मक्केचा शरीफ हुसेनच ब्रिटिशांच्या मदतीने ऑटोमनांविरुद्ध उभा राहिला.

या जिहादच्या समोर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कोण होतं? सहावी डिव्हिजन, जिचं नावच पुणे डिव्हिजन. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा गावात हे लोक वेढ्यात अडकले, शिधा संपत आला, आणि मग घोडे कापायला सुरुवात झाली. घोड्याचं मांस हिंदी शिपाई खाईनात, हिंदूही नाहीत, मुसलमानही नाहीत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या वायरलेसवर मागवल्या, तरी बरेच दिवस ऐकलं नाही, गावी जाऊन तोंड कसं दाखवू हा प्रश्न. शेवटी एप्रिलमध्ये भुकेने पुष्कळांनी खाल्लं आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळे कैद झाले. विचार करा, बाहेर खलिफाचं, म्हणजे ऑटोमन सुलतानाचं, पवित्र युद्ध चालू आहे आणि आत एका खंदकात साताऱ्या-रत्नागिरीकडचा शिपाई आणि पंजाबी मुसलमान शिपाई एकाच डेगचीकडे बघून धर्माचा विचार करतायत, तो धर्म पोटाचा, गावाचा, जातभाईंच्या पंगतीचा. 'धर्म' कुठल्या युद्धात होता सांगा.

आपल्याच भाषेत आणखी एक बघा. आधीच्या पिढीतलं मराठी लिखाण चाळलं तर 'अन्यायाविरुद्ध जिहाद पुकारला' हे वाक्य सर्रास मिळतं, समाजसुधारकांच्या चरित्रांत तर हमखास, आणि कुणी भुवई उंचावत नव्हतं. आज लिहून बघा. शब्द तोच आहे, आपण त्याला काय काय जोडत गेलो ते आठवा, लव्ह, लँड, व्होट. आणि २०२४ च्या विधानसभा प्रचारात तर 'व्होट जिहाद' आणि त्याला उत्तर म्हणून 'मतांचं धर्मयुद्ध' असे दोन्ही शब्द समोरासमोर उभे राहिले. नेत्यांनी बोलावं, त्यांचं काम ते. माझी तक्रार आपल्या लोकांशी आहे, की एक-दोन दिवसांत अवतरणचिन्ह गळून पडतं आणि बोलणाऱ्याचा शब्द बातमी देणाऱ्याचा होऊन बसतो. मतदान म्हणजे रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घेणं, त्यात युद्ध कुठून आलं हा प्रश्न विचारायची जागा डेस्क आहे.

उलट दिशेनेही घोटाळा होतोच. ऑगस्ट १९८२ मध्ये अकाली दलाने पंजाबात 'धर्मयुद्ध मोर्चा' सुरू केला, मागण्या होत्या आनंदपूर साहिब ठरावाच्या (राज्याला जास्त अधिकार मागणारा ठराव), नदीच्या पाण्याच्या, चंदीगडच्या, आणि सुरुवातीला लोक जथ्याजथ्याने अटक करवून घेत होते. याचं इंग्रजीत होली वॉर केलंत तर वाचणाऱ्याला काय दिसेल आणि प्रत्यक्षात काय होतं? पुढे पंजाबात जे झालं ते झालं, पण ते शब्दकोशातून आधीच ठरवून टाकायचं कारण नव्हतं.

शब्दाने पेच होतो हे मोठ्यांनाही कळतं, उशिरा. १६ सप्टेंबर २००१ ला, न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या तोंडून 'क्रुसेड' निघालं, अरब जगात गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली.

(माझा भाचा हिंजवडीत आहे, तो म्हणाला मामा आमच्याकडे टॅब वापरायचा की स्पेस यावरच्या भांडणाला होली वॉर म्हणतात, आणि १ एप्रिल १९८० ला कुणीतरी बाइट कुठल्या टोकाकडून मोजायचे यावर याच नावाचा लेख लिहून तह करा म्हणून विनवलं होतं. हा वापर मला चालतो. तिथं कुणी मरत नाही.)

मग लिहायचं काय? फार अवघड नाहीये. क्रुसेड असेल तर क्रुसेड लिहा, आता सगळ्यांना कळतं. जिहाद कुणी पुकारला असेल तर कुणी पुकारला ते नाव आधी, मग शब्द, तोही अवतरणात. दोन पंथांतल्या लढाईला 'धार्मिक युद्ध' पुरतं. आणि एजन्सीच्या कॉपीत नुसतंच होली वॉर आलं तर 'धर्माच्या नावावरचं युद्ध' लिहा, लांब होतं माहितीय, पॉइंट साइज एकाने कमी करा. 'पवित्र' मात्र स्वतःच्या तोंडाने म्हणू नका. हे नवं नाहीये, अडीच हजार वर्षांपूर्वी डेल्फीच्या देवळाच्या ताब्यावरून ग्रीकांनी जी लढाई केली तिच्याबद्दल ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस एका ओळीत लिहितो, 'पवित्र म्हणवलं जाणारं युद्ध'. म्हणवलं जाणारं! त्याला ना पट्टी चालवायची होती ना टीआरपी, पण डेस्कवरचा माणूस होता तो.

आणि त्या भीष्मपर्वातल्या नियमांत तुमच्या-आमच्या कामाचं आणखी एक आहे, शब्दांनी लढणाऱ्याशी फक्त शब्दांनीच लढायचं. ढोल-शंखवाल्यांना मारायचं नाही हे तर वर सांगितलंच. अण्णांना मी विचारलं, यात पत्रकार कुठं बसतात? म्हणाले, "शंख फुंकतायत तोवर सुरक्षित." मग थोडं थांबून म्हणाले, "पण शंख कधी फुंकायचा ते ठरलेलं असायचं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा."

तुमचाच,
एक जुना डेस्कवाला